नाव पुसल्यानंतरचे वादळ

गेल्या वर्षी भूगोलाच्या तासाला सरांनी एक साधा प्रश्न विचारला होता : "महाराष्ट्रात चक्रीवादळाचा तडाखा कोठे बसतो?" उत्तरे आली ती सगळी कोकणची. श्रीवर्धन, हरिहरेश्वर, अलिबाग, मुंबई. कोणी २०२० सालच्या 'निसर्ग' वादळाचे नाव घेतले, कोणी २०२१ च्या 'तौक्ते'चे. अंबाजोगाईचे नाव कोणीच घेतले नाही. मीही घेतले नाही. आणि मी तर चक्रीवादळात घर सोडून शाळेच्या ओसरीवर रात्र काढलेली मुलगी! समुद्र येथून सरळ रेषेत साडेतीनशे किलोमीटरवर. आमच्या गावातल्या निम्म्या माणसांनी तो पाहिलेलाही नाही. तेव्हा वादळ हे समुद्रकाठच्या लोकांचे दुखणे, आपल्या वाट्याला दुष्काळ, अशी वाटणी आमच्या मनात लहानपणापासून झालेली आहे. या लेखात मला त्या वाटणीविषयी बोलायचे आहे. बोलता बोलता आमच्या घरातली एक गोष्टही सांगावी लागेल. ती सांगू की नको, याचा विचार करण्यात माझे दोन महिने गेले.

२६ सप्टेंबर २०२१, रविवार. त्या दिवशी संध्याकाळी आंध्र प्रदेशातील कलिंगपट्टणजवळ 'गुलाब' नावाचे चक्रीवादळ किनाऱ्यावर आले. नकाशा काढून पाहा. कलिंगपट्टण आणि अंबाजोगाई जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. मध्ये सुमारे आठशे किलोमीटर जमीन. ती जमीन ओलांडत ते वादळ तेलंगण, विदर्भ आणि मराठवाडा असे थेट पश्चिमेकडे आले.

मात्र येथवर पोहोचले तेव्हा ते कागदोपत्री वादळ राहिलेले नव्हते. या नावांची एक गंमत आहे. उत्तर हिंदी महासागराभोवतालच्या तेरा देशांनी मिळून १६९ नावांची यादी केली, ती २०२० साली जाहीर झाली. वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटर झाला की त्या यादीतले पुढचे नाव वादळाला मिळते. वेग त्याखाली उतरला की वादळाचा 'कमी दाबाचा पट्टा' होतो आणि नाव गळते. 'गुलाब' हे पाकिस्तानने सुचवलेले नाव. किनारा ओलांडल्यावर दुसऱ्याच दिवशी ते वाऱ्याच्या मोजमापाने ओसरले. पुढे तीच वाऱ्याची भोवरी गुजरातवरून अरबी समुद्रात उतरली, पुन्हा बळावली, आणि तिला नवे नाव मिळाले, कतारने दिलेले 'शाहीन'. ते ३ ऑक्टोबरला ओमानच्या किनाऱ्यावर आदळले. म्हणजे आंध्रात त्याला नाव होते, ओमानात त्याला नाव होते. बिननावाचे ते फक्त आपल्याकडे होते, आणि आपल्याकडचा पाऊस झाला तो नेमका याच बिननावाच्या दिवसांत, २७ आणि २८ सप्टेंबरला.

याचे कारण कळायला फार शास्त्र लागत नाही. समुद्रावर वादळाला वाफेचे खाद्य मिळते. जमिनीवर आले की ते तुटते आणि वारा मंदावतो. पण पोटात भरलेली वाफ कोठे जाणार? ती वाटेत कोठेतरी रिती करावीच लागते. वादळाची चाल जितकी मंद, तितके ते एका ठिकाणी रेंगाळते, आणि रेंगाळते तेथे ओतते. शिवाय सप्टेंबरात मोसमी वारे अजून परतलेले नसतात. अरबी समुद्राकडूनही ओल येतच असते. किनाऱ्यावरच्या माणसाला वादळ म्हणजे वारा. आमच्यासारख्याला वादळ म्हणजे नदी. हा फरक पाठ्यपुस्तकात एका ओळीत यायला हवा होता, तो मला अद्याप सापडलेला नाही.

आदल्याच वर्षी, १३ ऑक्टोबर २०२० रोजी, काकिनाड्याजवळ जमिनीवर आलेल्या एका पट्ट्याने अशीच वाट धरली होती. त्याने हैदराबाद बुडवले आणि सोलापूर, पंढरपूरपर्यंत हाहाकार केला. त्याचा वेग ६२ पर्यंत कधी गेलाच नाही, म्हणून त्याला नाव मिळालेच नाही. आज त्याची आठवण कोणाला विचारली तर 'त्या वर्षीचा पाऊस' यापलीकडे सांगता येत नाही.

आता त्या रात्रीविषयी.

मी तेव्हा अकरावीत होते. करोनामुळे शाळा बंद होत्या आणि आण्णांच्या मोबाईलवर आमचे वर्ग चालत. आमचे गाव मांजरेच्या काठापासून दीड-दोन किलोमीटरवर, धरणाच्या खालच्या अंगाला. गावाच्या कडेने एक ओढा जातो आणि पुढे नदीला मिळतो. पितृपक्ष चालू होता. सोमवारी आमच्याकडे म्हाळ होता, म्हणून चुलते, ज्यांना आम्ही नाना म्हणतो, ते सहकुटुंब जेवायला आले होते. सोयाबीन काढणीला आले होते. नानांनी अर्धे काढून वावरातच गंजी घातली होती, आमचे उभे होते. ऑगस्टात लातूरच्या बाजारात सोयाबीनचा भाव दहा हजारांच्या घरात गेला होता. तो उतरू लागला होता, तरी सगळ्यांच्या तोंडी त्याचाच हिशेब. त्या महिन्याच्या सुरुवातीलाही अतिवृष्टी होऊन गेली होती. जमीन पिऊन तुडुंब झालेली. काळ्या मातीचा स्वभाव सर्वांना माहीत आहे. उन्हाळ्यात ती हातभर भेगाळते, पण एकदा फुगून भेगा मिटल्या की वरचा थेंब आत घेत नाही, जसाच्या तसा उताराला सोडते.

मोबाईलवर इशारा आला होता, हे मी मुद्दाम नमूद करते. बीड जिल्ह्यात जोरदार पाऊस होईल, असे वेधशाळेने सांगितले होते आणि ते खरेही झाले. पण बीड जिल्हा आष्टीपासून परळीपर्यंत सव्वाशे किलोमीटरहून अधिक लांब. 'जिल्ह्यात जोरदार पाऊस' या शब्दांतून आमच्या ओसरीला पाणी लागेल की नाही, हे आण्णांनी कसे ओळखावे? त्यांनी आभाळाकडे पाहिले आणि "पडतंय पडू दे, मांजरा तरी भरंल" असे म्हणून ते झोपले.

मध्यरात्रीनंतर आजीने सर्वांना उठवले. तिला झोप कमी. "पानी वर चढायलंय रे," ती म्हणाली, "खाली न्हाई उतरायलं." तिच्या या वाक्याचा अर्थ मला दोन वर्षांनी नदीचा फुगवटा शिकताना कळला. मांजरा धरण तुडुंब भरले होते. २८ तारखेला त्याचे सर्व अठरा दरवाजे उघडावे लागले. माजलगाव धरणाचे अकरा. नदी काठोकाठ झाल्यावर ओढ्याचे पाणी नदीत शिरेना, ते उलटे गावाकडे चढू लागले. दावणीची जनावरे सोडली, आजीला पाठीवर घेतले, आणि आम्ही उंचावरच्या शाळेत गेलो. तेथे आधीच तीस-चाळीस माणसे होती. एका बाईने पाण्यातून फक्त देवघरातले टाक तेवढे आणले होते. तिला धान्याची कणगी आठवली ती सकाळी.

उजाडल्यावर दिसले ते असे की ओढा कोठे संपतो आणि नदी कोठे सुरू होते, ते सांगता येत नव्हते. नानांची गंजी नव्हती. आमचे उभे सोयाबीन पाण्याखाली होते. पाणी उतरल्यावर चार-सहा दिवसांत शेंगांना झाडावरच कोंब फुटले. आमच्या खाली लातूर जिल्ह्यात नदीकाठी अडकलेल्या लोकांना बोटींनी आणि हेलिकॉप्टरने काढावे लागले. त्याच दिवशी उमरखेडजवळ दहागावच्या पुलावरून नांदेड–नागपूर बस वाहून गेली. आमच्या गावात माणूस दगावला नाही. म्हणून वर्तमानपत्रांत आमच्या गावाचे नाव आले नाही, आणि ते आले नाही हे चांगलेच झाले.

येथपर्यंत सगळे निसर्गाच्या माथी मारता येते. आता घरची गोष्ट.

आमच्या आणि नानांच्या वावरामधून एक छोटा ओढा जात असे. मोठ्या ओढ्याला मिळणारा, उन्हाळ्यात कोरडा, पावसाळ्यात ढोपरभर. मी लहान असताना त्यात खेकडे धरलेले आहेत. पुढे दुष्काळाची वर्षे आली. २०१६ साली मांजरा धरण पूर्ण आटले होते आणि एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. लातूरच्या त्या रेल्वेची बातमी देशभर झाली, पण अंबाजोगाई आणि केजही त्याच धरणाचे पाणी पितात, हे फारसे कोणी लिहिले नाही. तर अशा एका कोरड्या वर्षी आण्णांनी जेसीबी आणून तो ओढा सपाट केला. कोरड्या ओढ्यात बोरी-बाभळी वाढल्या होत्या, पाणी येत नव्हतेच, आणि चार-पाच गुंठे जमीन मिळत होती. जेसीबीवाल्याने वर एक ताल घालून दिली. नानांना विचारले नाही. विचारले असते तर तेही 'हो'च म्हणाले असते, असे आण्णा म्हणतात, आणि ते खोटे नसावे; कारण त्या वर्षांत आमच्या शिवारात असे पाच-सहा ओढे नांगराखाली गेले.

२८ तारखेच्या पहाटे त्या ओढ्याचे पाणी तालीला अडले, वळले, आणि नानांच्या वावरातून गेले. गंजी तर नेलीच, पण खालच्या अंगाची पाऊण एकर माती खरडून नेली. खाली पांढरा मुरूम उघडा पडला. सोयाबीन पुढच्या वर्षी पेरता येते, माती पेरता येत नाही. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक पंचनाम्याला आले तेव्हा नुकसानीचे कारण 'पुराचे पाणी' असे लिहिले गेले. नाना शेजारी उभे होते. ते काही बोलले नाहीत. आण्णाही बोलले नाहीत. मी बाजूला उभी होते, आणि मला त्या वयात एवढेच वाटले की सगळे फार थकलेले आहेत.

गेल्या वर्षी सरांनी आम्हांला गावचा जुना नकाशा आणि उपग्रहाचे चित्र शेजारी ठेवून ओढे-नाले शोधायला लावले. मी आमचेच शिवार निवडले. जुन्या नकाशावर ती रेघ स्वच्छ होती, नव्या चित्रात ती नव्हती. तेव्हा पहिल्यांदा ती पहाट मला कळली.

हे लिहिण्यात वडिलांची बदनामी करण्याचा हेतू नाही. दोन-अडीच एकराच्या माणसाने चार गुंठ्यांचा मोह टाळायला हवा होता, असे पोटभर जेवून म्हणणे सोपे आहे. आपली एक पिढी पाणी नाही याच भीतीत वाढली. त्यांनी विहिरी खोदल्या, विंधनविहिरी घेतल्या, टँकरमागे धावले. जलसंधारणाची व्याख्याने झाली ती 'पाणी अडवा' अशी. 'पाण्याला वाट द्या' असे कोणी शिकवलेच नाही. कोरडा ओढा त्यांना रिकामी जागा वाटला तर नवल कसले? माझ्या मते आपल्या भागाची खरी अडचण ती हीच. दुष्काळासाठी आपल्याकडे शब्द आहेत, सवयी आहेत, योजना आहेत, कार्यालये आहेत. पुरासाठी आपल्याकडे फक्त आश्चर्य आहे.

किनाऱ्यावरच्या लोकांनी हे आश्चर्य केव्हाच मागे टाकले. १९९९ च्या ओडिशातील महावादळात सुमारे दहा हजार माणसे गेली. २०१३ साली त्याच किनाऱ्यावर 'फायलिन' आले तेव्हा दहा लाखांच्या आसपास लोक आधीच हलवले होते आणि मृत्यूंचा आकडा दोन अंकी राहिला. वादळ फारसे लहान नव्हते. गावागावांत निवारे होते, कोणी कोणाला उठवायचे हे ठरलेले होते. वादळ जमिनीवर आले की ही सर्व व्यवस्था 'धोका टळला' म्हणून मोकळा श्वास घेते. धोका टळलेला नसतो, तो पश्चिमेकडे निघालेला असतो.

मदतीचे म्हणाल, तर ती मिळाली. त्या ऑक्टोबरात राज्य शासनाने दहा हजार कोटींचे पॅकेज जाहीर केले : जिरायतीस हेक्टरी १०,००० रुपये, बागायतीस १५,०००, बहुवार्षिक पिकांस २५,०००, दोन हेक्टरांच्या मर्यादेत. केंद्राच्या निकषाने जिरायतीला ६,८०० मिळायचे, त्यापेक्षा हे जास्तच. आमच्या एका हेक्टराचे दहा हजार आले आणि उधारी फिटून बियाण्याला थोडे उरले. पण मदतीचे माप कसे घेतले जाते, ते पाहण्यासारखे आहे. महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावर चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, तर ती अतिवृष्टी. एका मंडळात दहा-पंधरा गावे, मापक एके ठिकाणी. आणि जे गाव धरणाच्या पाण्याने बुडाले, त्याच्या अंगणात पाऊस किती पडला याला तसा काय अर्थ? आमच्या घरात शिरलेले पाणी पडले होते वर पाटोद्याच्या बाजूला, बालाघाटाच्या डोंगरात.

पीकविम्याचेही तसेच. त्या वेळचा नियम असा की नुकसान झाल्यापासून ७२ तासांत कळवले पाहिजे. गावात तीन दिवस वीज नव्हती, मोबाईल बंद, आणि रस्त्यावरचा पूल पाण्याखाली. ते ७२ तास आमच्याकडे चिखल उपसण्यात गेले. हा नियम कोणी वाईट बुद्धीने केला असेल असे नाही. पूर म्हणजे काय, हे डोळ्यांसमोर न आणता केला, एवढेच. २०२५ च्या खरिपात राज्याने योजनेचे स्वरूपच बदलले. एक रुपयातला विमा गेला आणि भरपाई पीक कापणी प्रयोगाच्या उत्पन्नावर ठरू लागली, म्हणजे एकट्यादुकट्याच्या वावरातले नुकसान कळवण्याची ती वाटही मिटली. आणि त्याच सप्टेंबरात मराठवाड्यात पुन्हा महापूर आला!

मग काय करावे? मला शासनाला शहाणपण शिकवायचे नाही, पण तीन-चार गोष्टी गावाच्या पातळीवर दिसतात, त्या सांगते. धरणातून किती पाणी सोडले म्हणजे कोणत्या गावात ते कोठपर्यंत येते, हे २०२१ नंतर प्रत्येक गावाला ठाऊक आहे. पाण्याच्या खुणा भिंतींवर अजून आहेत. पाटबंधारे खात्याच्या निळ्या आणि लाल पूररेषा असतात. निळी साधारण पंचवीस वर्षांतल्या पुराची, लाल शंभर वर्षांतल्या. त्या नकाशावर असतात. शाळेच्या, मंदिराच्या, समाजमंदिराच्या भिंतीवर त्या रंगवून काढायला एक डबा रंग पुरेल. आपल्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दरवर्षी कोठल्या ना कोठल्या खेड्यात भरते. रस्ते झाडण्याऐवजी एखाद्या वर्षी नदीकाठच्या गावातले बुजलेले ओढे मोजायला काय हरकत आहे? जुने नकाशे भूगोल विभागात आहेतच. इशारा 'जिल्ह्या'च्या भाषेत येऊ दे. तो 'मारुतीच्या पारापर्यंत पाणी येईल' अशा भाषेत बदलण्याचे काम आपल्याला करता येईल. पूर्वी हे काम कोतवालाची दवंडी करीत असे. तिला जिल्हा माहीत नव्हता, पार माहीत होता.

अर्थात ओढे मोजले की भांडणे निघणार, हे मला ठाऊक आहे. आमच्याच घरात निघाले. मी दिवाळीत नकाशा घरी नेला. आण्णा बराच वेळ पाहत राहिले, मग म्हणाले, "हे तुला शिकायला घातलं व्हय?" दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. २०२५ च्या सप्टेंबरातही नानांच्या त्याच पट्ट्यातून पाणी गेले होते. चार वर्षे गाळ टाकून त्यांनी जी थोडी माती केली होती तीही गेली. तिसऱ्या दिवशी आण्णा एकटेच नानांच्या घरी गेले. काय बोलणे झाले ते मला कळले नाही. आजी म्हणते, दोघेही काही बोललेच नाहीत, नुसता चहा घेतला.

पण हरभरा निघाला की ताल फोडायची, असे आता ठरले आहे. जेसीबीचे पैसे दोघांनी निम्मे द्यायचे. आण्णा सगळे द्यायला तयार होते, नाना ऐकत नाहीत. अडचण वेगळीच निघाली. आमच्या खाली तिसऱ्याचे वावर आहे आणि तेथे ओढ्याच्या जागी ऊस उभा आहे. आम्ही वरून वाट मोकळी केली तर पाणी त्यांच्या उसात शिरणार. त्यांना जाऊन सांगायचे कोणी, आण्णांनी की नानांनी, यावर सध्या आमच्या घरी रोज रात्री बोलणे चालू आहे. नकाशा मी परत आणलेला नाही, तो आण्णांच्या उशाशी आहे.